आठ लिव्हरचं कुलूप

४ मार्च
आरोग्य कचेरी, तिसरा मजला

मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं विचारलं असं समज. फोनवरच विचारणार होते, पण जरा मुद्द्याचं बोलायला लागलं की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं. पत्राच्या मध्ये गिऱ्हाईक येत नाही. शिवाय तूच मागे म्हणाला होतास, "टिटवे, फोनवर तू किंचाळतेस. लिहीत जा, म्हणजे जरा हळू ऐकू येतं." तर घे, ऐक हळू.

माझी बदली झाली. लांब नाही, खिडकीजवळच्या टेबलावरून भिंतीजवळच्या टेबलावर. इतकी वर्षं मी बाळांच्या लसी मोजत होते, आता मला बंदुकीने होणारे मृत्यू दिलेत. आपल्या राज्यात बंदुकीने कोण मरतं, कुठे मरतं, कोणाच्या हाताने, आणि मागे राहिलेल्यांचं पुढे काय होतं, यावर अहवाल करायचाय. आमच्या साहेबांना आम्ही टाचणीसाहेब म्हणतो, कारण ते समोर दिसेल तो कागद दुसऱ्या कागदाला टाचतात. त्यांनी अहवालाची पहिली ओळ लिहायच्या आधीच मुखपृष्ठ ठरवून टाकलंय. तोंडाला फडकं बांधलेला दरोडेखोर, हातात पिस्तूल. भिंतीवर लावलेलं ते चित्र इतकं जोरदार आहे की आमचा शिपाई खोलीत शिरला आणि उलट्या पावली बाहेर गेला.

मलाही तेच वाटत होतं म्हणा. बंदूक म्हटलं की दरोडा, टोळ्या, मोठं शहर. मग कागद उघडले आणि तोंडात मारल्यासारखी गप्प बसले. मामा, दरोडेखोर अगदी थोडे आहेत रे. बहुतेक माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या बंदुकीने, स्वतःच्याच हाताने गेलीयेत. राजधानीपेक्षा तुमच्यासारख्या लहान गावांत जास्त. बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त. आणि त्यांतले पुष्कळसे साठी उलटलेले, एकटे राहणारे, बायको जाऊन फार काळ न झालेले, ना कोणाच्या अध्यात ना मध्यात.

आता तूच सांग, हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कोण आलं असेल?

तुझ्या मागच्या खोलीत, मामीच्या शिवणयंत्राला लागून जे उंच कपाट आहे, त्यात बंदूक आहे. मला ती तिथून गेलेली हवी आहे. पोलिसात जमा कर, कोणाला देऊन टाक, काहीही कर. मामी जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. तुझा कागद माझ्या टेबलावर यायला नको, एवढंच मागणं आहे. मी हे गमतीत लिहीत नाहीये, पण तू गमतीत घेणार हे मला माहीत आहे.

तुझी,
टिटवी

१२ मार्च
दुकान

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. धपाटा उधार, आलीस की देईन.

सरकारने आजवर मला कशातच बसवलं नव्हतं, ना समितीत, ना व्यासपीठावर. तू एकदम कोष्टकात बसवलंस. साठी उलटलेला, एकटा, लहान गावचा. बरं झालं, टक्कल लिहायचं राहिलं.

बंदुकीचं म्हणशील तर ती रानडुकरांसाठी आहे हे तुला ठाऊक आहे. आजवर तिने एकही डुक्कर मारलं नाही, हेही ठाऊक आहे. तिची एकमेव शिकार म्हणजे शेजाऱ्याची पाण्याची टाकी, आणि त्यासाठी तुझ्या मामीने मला महिनाभर 'शिकारीसाहेब' म्हणून हाक मारली. आम्ही चौघं रोज संध्याकाळी दुकानाच्या मागच्या टेबलावर पत्ते खेळतो. मी, घड्याळजी, बेकरीवाला आणि आमचे भूगोलाचे मास्तर. चौघांच्याही घरी बंदूक आहे, आणि चौघंही जिवंत आहेत. लिही हे तुझ्या अहवालात.

आणि माझं कपाट काय ऐरंगैरं आहे? त्याला मी स्वतः घडवलेलं आठ लिव्हरचं कुलूप आहे. साऱ्या राज्यात ते कुलूप माझ्याशिवाय कोणाला उघडता येणार नाही, चावी असो वा नसो. तू आधी स्वतःच्या दाराकडे बघ. ते आकडे दाबायचं खेळणं लावून ठेवलंयस. मागे आलो होतो तेव्हा त्याने मला जिन्यात बसवलं होतं. ना चावीचं भोक, ना लिव्हर, नुसतं टूं टूं. जन्मभर लोकांची कुलपं उघडली मी, आणि भाचीच्या दारात खाली बसलो. शेजारची बाई मला नवीन रखवालदार समजली.

इकडे सगळं ठीक. दुकान हल्ली जरा उशिरा उघडतो, लवकर उठून करायचं काय. घड्याळजी मात्र एकदम दानशूर झालाय. त्याचं भिंतीवरचं मोठं घड्याळ मला देऊन टाकलं, ज्याला तो कोणाला हात लावू देत नव्हता. मास्तरांना त्याचा चांगला कोट दिला. परवा पत्त्यांत सलग जिंकला आणि एक शब्द बोलला नाही. पूर्वी एक डाव जिंकला की आठवडाभर कान किटवायचा. म्हातारपणी सुधारला म्हणायचं आणि काय.

बंदूक आहे तिथेच राहील. जेवत जा.

मामा

१८ मार्च
कचेरी

मामा,

तुझं पत्र डबा खाताना वाचत होते. घड्याळापर्यंत हसत होते, कोटापाशी डबा बंद केला.

जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकायच्या, गप्प व्हायचं, जिंकल्याचं सुख नाही, हरल्याचं दुःख नाही. मामा, हे सुधारणं नव्हे. माझ्या कागदांतल्या किती घरांनी नंतर हेच सांगितलंय. "शेवटी शेवटी फार उदार झाले होते हो." आणि प्रत्येक वेळी ते घरच्यांना नंतरच आठवलंय.

आता खरं सांग. हा घड्याळजी म्हणजे तूच ना? आमच्या मजल्यावर मदतीसाठी एक फोन आहे, त्यावर लोक नेहमी 'माझा एक मित्र आहे' असंच सुरू करतात. दुकान उशिरा उघडणारा तू. लवकर उठून करायचं काय, म्हणणारा तू. मामीच्या शिवणयंत्रावर तिने अर्धवट सोडलेला पडदा अजून तसाच अडकलेला आहे, हे मी गेल्या खेपेला बघितलंय. मला बनवू नकोस.

एक बाई मला दर सोमवारी फोन करतात. त्यांचा मुलगा गेला. त्या काही मागत नाहीत, फक्त विचारतात, "तुमच्या कागदावर 'साफ करताना चुकून लागली' असं लिहाल का? गावात तसंच सांगितलंय आम्ही." मी काही लिहू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. मग त्याच विचारतात, जेवलीस का गं. साहेबांना वाटतं मी सोमवारी मुद्दाम उशिरा जेवते.

तू असलास तर मला सांग. घड्याळजी खराच असेल तर त्याला जाऊन विचार, सरळ, की मरायचं मनात आहे का. विचारलं म्हणून ते डोक्यात शिरत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हे मला दहादा समजावलंय. उलट कोणी विचारलं की माणसाला हायसं वाटतं.

टिटवी

२४ मार्च
दुकान

टिटवे,

आशीर्वाद या खेपेला अर्धेच. मी स्वतःला घड्याळजी म्हणून खपवतो? माझ्या मनात काही असतं तर मी माझ्याच नावाने लिहिलं असतं, दुसऱ्याच्या आडून लिहायला मी काय नाटकातलं पात्र आहे?

घड्याळजी खरा आहे. पुरावा म्हणून त्याचं घड्याळ पाठवलं असतं, पण ते पाकिटात मावत नाही. माझ्या डोक्यावर लटकतंय आणि पुढे धावतंय. ते वाजलं की मी दुकान बंद करतो आणि शेजारचे दुकानदार माझ्याकडे बघत राहतात. घड्याळजीला सांगितलं की तुझं घड्याळ पुढे जातंय, तर म्हणाला, "जाऊ दे की."

आणि विचार म्हणजे काय विचार? आम्ही चार बाप्ये तीस वर्षं पत्ते खेळतोय. आमचे विषय तीन. हवा, पत्ते आणि गुडघे. बेकरीवाल्याच्या मुलाने घटस्फोट घेतला ते मला बेकरीत नाही, दुसऱ्या गावी कळलं. तुझी मामी गेली त्या आठवड्यात तिघं रोज आले, माझ्यासमोर बसले, पत्ते वाटले, माझे पत्ते मला उचलूनही दिले, पण एक शब्द काढला नाही कोणी. आणि बरं केलं. मी काय बोललो असतो?

असलं विचारायचं नसतं गं.

मामा

३० मार्च
बस स्थानक

मामा,

काल फोन केला, परवा केला, त्याआधीही केला. दर वेळी गिऱ्हाईक. एवढी कुलपं तुमच्या गावात आहेत तरी का?

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. त्याला बजावलंय की समोर उभं राहून वाचून घ्या, त्याशिवाय हलू नका. तो तसा ऐकणारा माणूस आहे, त्यामुळे वाच मुकाट्याने.

तू म्हणतोस असलं विचारायचं नसतं. गुडघ्यांबद्दल कसं विचारता? "काय रे, आज फार दुखतोय का?" बस, त्याच आवाजात विचार. आज. दुकान बंद कर आणि जा. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, डॉक्टरकडे ने, आणि त्याची बंदूक त्या घरातून आधी बाहेर काढ. ते वाटणं येतं तसं जातं, मामा. माणसाला वाटतं आता हे कायमचं, पण ते ओसरतं. हाताशी बंदूक असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. माझ्या टेबलावर जे कागद आहेत ना, त्यांतल्या पुष्कळांना तो वेळच मिळाला नाही.

शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी शनिवारच्या बसने येणार, तुमच्या टेबलावर पाचवी खुर्ची ओढून बसणार, आणि चौघांना विचारणार. मोठ्याने. माझा आवाज तुला ठाऊक आहे.

टिटवी

९ एप्रिल
दुकान

चि. टिटवीस पूर्ण आशीर्वाद. शुक्रवारी फोनवर 'विचारलं, येऊ नकोस' एवढंच सांगितलं होतं, बाकीचं हे घे. धपाटा माफ.

तुझा ड्रायव्हर खरोखर हलला नाही. बसमधली माणसं हॉर्न वाजवायला लागली, तरी हा माझ्या तोंडाकडे बघत उभा. "पुढच्या पानावर पण आहे," म्हणाला. शेवटी मी पाटी उलटी केली, भिंतीवरचं घड्याळ काढलं, काखेत मारलं आणि निघालो. रिकाम्या हाताने गेलो असतो तर दारातूनच परतलो असतो, हे मला माहीत होतं. हातात घड्याळ असलं की निदान पहिलं वाक्य तरी तयार असतं.

घड्याळजी खाली मान घालून बसला होता. समोर एक मनगटी घड्याळ उघडलेलं, पण हात चालत नव्हते. मी म्हणालो, "हे पुढे जातंय." तो म्हणाला, "आता दुरुस्त करून काय करायचंय." मग मी गुडघ्यांचा आवाज काढला. वाटेत दोनदा म्हणून बघितला होता, गिरणीवाल्याने विचारलंही, कोणाशी बोलताय. म्हणालो, "काय रे, मरायचं मनात आहे का?"

टिटवे, मला वाटलं होतं तो हसेल, नाहीतर दुकानाबाहेर काढेल. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हो."

तू 'हो' नंतर काय बोलायचं ते लिहिलं नव्हतंस. मी खुर्ची ओढली आणि बसलो. त्या दुकानातली सगळी घड्याळं आपापलं वाजत राहिली. मग तोच बोलायला लागला. त्याला दिसत नाही गं नीट. बारीक स्क्रू दिसत नाहीत, हात थरथरतो. गेल्या वर्षापासून घड्याळं दुरुस्त न करताच परत देतोय, 'भाग मिळत नाही' म्हणून सांगतो. मुलगी परदेशात, तिला काही कळवलेलं नाही. म्हणाला, "घड्याळं सोडून मला काही येत नाही. मग उठायचं कशाला?" आणि मग रडला. मीही रडलो. गिऱ्हाईक आलं होतं एक, ते आम्हाला बघून दार लावून गेलं. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्याने मला. त्यानंतर लाज वाटेल असं वाटलं होतं, तर उलट भूक लागली.

त्याच दुपारी त्याला डॉक्टरकडे नेलं. औषध सुरू आहे, दर आठवड्याला बोलायला जायचंय, आणि डोळ्यांचं ऑपरेशन होण्यासारखं आहे म्हणे. मोतीबिंदू! नुसता मोतीबिंदू! एवढ्यासाठी हा गडी आम्हाला सोडून निघाला होता, आणि आम्हाला पत्ता नाही. मुलीलाही फोन लावून दिला. तिने आधी मलाच झापलं, आवाज थेट तुझ्यासारखा आहे.

बंदूक त्याच्या घरून मीच आणली, पलंगपोसात गुंडाळून. एका काखेत बंदूक, दुसऱ्या काखेत घड्याळ, आणि भर रस्त्यात ते घड्याळ वाजायला लागलं. बेकरीवाल्याची आई खिडकीतून ओरडली, "काय रे, घर बदलतोयस की पळून चाललायस?"

आता दोन्ही बंदुका माझ्या कपाटात आहेत, आठ लिव्हरच्या आत. घड्याळजी माझ्याकडेच झोपतो, फार घोरतो. तू आता निश्चिंत राहा.

मामा

१४ एप्रिल
कचेरी

माझ्या मामा,

पत्र वाचून मी कचेरीत हमसून हमसून रडले. टाचणीसाहेब धावत आले, त्यांनी स्वतःचा रुमाल दिला, त्यालाही टाचणी होती. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. दुपारी बघितलं तर भिंतीवरचा दरोडेखोर उतरवलेला होता.

तू काय केलंस हे तुला कळलंय का? माझ्या त्या सोमवारच्या बाईंना मी सांगितलं, नाव न घेता. त्यांनी आधी विचारलं, जेवतात ना आता ते? मग म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार सांग." तर हा घे त्यांचा नमस्कार.

आता माझं ऐक, आणि चिडू नकोस. लहान गाव, साठी उलटलेला, बायको गेलेली, आणि कपाटात आता एक नाही, दोन बंदुका. वर ते कुलूप. मामा, 'माझ्याशिवाय कोणी उघडू शकत नाही' असं तू मला छाती फुगवून लिहिलंस. मला दुसऱ्या कोणी उघडायची भीती कधी होती? घड्याळजी उद्या डोळे बरे करून आपल्या घरी जाईल. मग त्या खोलीत तू असशील, मामीचा पडदा असेल, आणि ते कपाट.

मी तुला गुडघ्यांच्या आवाजात विचारतेय. मामी गेल्यापासून तुझ्या मनात कधी आलं का रे?

घाई नाही. पण उत्तर दे. हवा आणि पत्ते सोडून.

तुझीच,
टिटवी

६ मे
दुकान

टिटवे,

उशीर झाला. घड्याळजीचं ऑपरेशन होतं, बेकरीत गर्दी होती, मास्तरांची पाठ धरली होती. हे सगळं खरं आहे, आणि यांतलं एकही उशिराचं कारण नाही. पत्र लिहायला बसायचो आणि कानस घेऊन चाव्या घासत सुटायचो. गावाला पुरून उरतील एवढ्या चाव्या झाल्यात.

आलं होतं मनात.

मामी गेल्यावर काही आठवड्यांनी. सकाळची वेळ होती, ऊन पडलं होतं, काही विशेष घडलं नव्हतं. चहा केला तो सवयीने दोन कप केला. दुसऱ्या कपाचं काय करायचं ते सुचेना. तेवढंच. मग मागच्या खोलीत गेलो आणि कपाट उघडलं. ते आठ लिव्हरचं कुलूप, टिटवे, मी डोळे मिटून उघडतो. त्याने मला क्षणभरही अडवलं नाही. मीच घडवलेलं, ते मला कसं अडवणार?

आणि बाहेर बोंबाबोंब सुरू झाली. बेकरीवाल्याची बायको धावत आली, "भावजी, चला लवकर, सासूबाई न्हाणीघरात अडकल्यात." मी तसाच उठून गेलो. म्हातारी आतून सगळ्या खानदानाचा उद्धार करत होती. दाराची साधी खिटी होती, एका हिसक्यात निघाली असती. पण खरं सांगू, मला ते दार लवकर उघडायचं नव्हतं. उघडलं की घरी जावं लागणार. म्हणून मी खुडबुड करत राहिलो आणि म्हातारी आतून मला शिव्या देत राहिली. "मेल्या, तुझी बायको असती तर तिने शिवणाच्या कात्रीने उघडलं असतं एव्हाना!" मामी गेल्यापासून तिचं नाव माझ्यासमोर कोणी काढलंच नव्हतं. सगळे जपून बोलायचे. ही एकटी दाराआडून ओरडली, आणि मी तिथे ओल्या फरशीवर बसून हसायला लागलो, मग रडायला लागलो, आणि म्हातारीच्या सुनेला वाटलं खिटी फारच अवघड आहे.

नंतर त्यांनी मला गरम पाव खाऊ घातला. घरी आलो तेव्हा ते ओसरलं होतं. तू लिहिलंस तसंच. मी कपाट बंद केलं आणि कोणाला काही बोललो नाही. ती म्हातारी अजून सगळ्यांना सांगते की मी तिला सोडवलं.

म्हणून मला तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा राग आला होता. मी काही न सांगता तू मला ओळखलं होतंस.

आता काय केलं ते ऐक. मी हे सगळं चौघांच्या टेबलावर सांगितलं. पत्ते वाटायच्या आधी. मास्तर म्हणाले, त्यांच्या मनात तर पेन्शनीत निघाले तेव्हाच आलं होतं. बेकरीवाल्याने डाव होईपर्यंत माझा हात धरून ठेवला, त्यामुळे मी हरलो. घड्याळजीची बंदूक ठाण्यात जमा झाली. माझीही करणार होतो, पण ठाण्यात बंदुका ठेवतात त्या खोलीचं कुलूप कोणी बसवलंय? मीच. तेव्हा आम्ही उरलेल्या तिघांनी आपापल्या बंदुकीचा बोल्ट काढला. बोल्ट म्हणजे तो सरकणारा लोखंडी तुकडा, तो नसला की बंदूक नुसती काठी. बेकरीवाल्याचा मास्तरांकडे, मास्तरांचा घड्याळजीकडे. ज्याला बंदूक हवी त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि कशाला हवी ते सांगायचं. डुक्कर असेल तर डुक्कर दाखवायचं.

राहिला माझा बोल्ट. बेकरीवाला म्हणाला, "दे माझ्याकडे, तिजोरीत ठेवतो." मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तिजोरीचं कुलूप माझं. मास्तरांच्या लोखंडी पेटीचं माझं. डॉक्टरांच्या कपाटाचं माझं. टिटवे, चाळीस वर्षांत या गावातलं एक दार मी माझ्यासाठी बंद ठेवलेलं नाही. फार मिरवलं मी ते. त्या दिवशी टेबलावर बसून सगळ्या गावाची कुलपं मनात मोजली, आणि मला अडवेल असं एक सापडलं नाही.

मग आठवलं. सबंध राज्यात एकच कुलूप आहे ज्याच्यापुढे मी हात टेकले. ते तुझं भिकार, बिनभोकाचं, टूं टूं करणारं खेळणं.

मास्तर शुक्रवारी मुलीकडे राजधानीत येतायत. त्यांच्याजवळ बोल्ट देतोय, माझ्या पायमोज्यात घालून. मोजा धुतलेला आहे.

पडदा मी शिवून पुरा केला. वाकडा झालाय. मागच्या खोलीला लावलाय.

तुझा,
मामा

११ मे
घर

मामा,

मास्तर आले. जन्मभर भूगोल शिकवला आणि माझी गल्ली सापडेना, चार जणांना विचारत आले. मोजा दोन्ही हातांत असा धरला होता की वाटावं आत पक्ष्याचं पिल्लू आहे. चहा घेतला आणि निघताना मलाच म्हणाले, "तू जेवतेस ना वेळेवर?" आणि मग, गुडघ्यांच्या आवाजात, "बाकी मनात काही नाही ना?" मला वाटतं तुम्ही चौघं आता गावभर हेच विचारत फिरत असणार. फिरा.

अहवाल छापायला गेला. मुखपृष्ठावर टाचणीसाहेबांनी एक फोटो घातलाय, एक टेबल, चार खुर्च्या, वाटलेले पत्ते. वरच्या साहेबांनी विचारलं, यात बंदूक कुठे आहे? टाचणीसाहेब म्हणाले, "नाहीये, तेच तर."

बोल्ट माझ्या कपाटात आहे, मामीने शिवलेल्या त्या निळ्या पिशवीत. दार बंद आहे. टूं टूं चालू आहे.

आणि आकडा मी तुला कधीही सांगणार नाही. तुला आत यायचं असेल तर येऊन बेल वाजवायची. मी असेन. नसले तर जिन्यात बस, शेजारच्या बाईंना सांगून ठेवलंय की तो रखवालदार नाही, माझा मामा आहे, त्याला चहा द्या आणि मी येईपर्यंत उठू देऊ नका.

तुझी,
टिटवी